वजन चढवलं हेयाने, उतरवायचं कुणी?

प्रति,
मा. हाक्काकु रिजिचो,
अध्यक्ष, जपान सुमो संघटना,
ऱ्योगोकु, टोकियो.



मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पहाटे उजाडायच्या आत तालमींतून जोर-बैठका सुरू होतात, पोरं हौद्यातली लाल माती उकरतात, आणि एखाद्या घरातला मुलगा पैलवानकी करायची म्हणाला की त्याच्या खुराकासाठी आई-बाप दारातली म्हैस विकत नाहीत, उलट दुसरी आणतात. १९१२ मध्ये शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानात लोक आजही कुस्तीला गर्दी करतात. अशा गावातल्या माणसाला सुमो समजावून सांगावी लागत नाही. दोहोवर, म्हणजे सुमोच्या रिंगणात, मीठ उधळणारा आपला रिकिशी (सुमो मल्ल) आणि हौद्यातली माती कपाळाला लावणारा आमचा मल्ल, दोघांची श्रद्धा एकच आहे. म्हणूनच हे पत्र परक्याचं समजू नये. आपल्या खेळावर जीव आहे म्हणून लिहितो आहे.

मुद्दा सरळ आहे. सुमोत माणसाला ठरवून जड केलं जातं. त्या जडपणाची किंमत दोहोवर दिसत नाही. ती न्हाणीघरात, जिन्यावर, अंथरुणात आणि दवाखान्यात मोजावी लागते. मल्ल खेळत असतो तोवर ती झाकलेली राहते, कारण भोवती हेयातली, म्हणजे त्याच्या सुमो-तालमीतली, माणसं असतात. ज्या दिवशी निवृत्त होताना त्याची शेंडी कापली जाते, त्या दिवशी माणसं जातात आणि वजन राहतं. चढवलेलं वजन उतरवून मल्लाला पुन्हा स्वतःच्या पायांवर, कुणाच्या आधाराशिवाय उभं करणं ही संघटनेची जबाबदारी आहे. ती आपण नियमात लिहून घ्यावी, एवढीच माझी मागणी आहे.

वजन का वाढवावं लागतं, हे मला कळतं. व्यावसायिक सुमोत वजनी गट नाहीत. १०० किलोंच्या मल्लासमोर २०० किलोंचा येऊ शकतो. दोहोचं वर्तुळ अवघं ४.५५ मीटर व्यासाचं. बाहेर पाऊल पडलं की लढत संपली. बहुतेक लढती काही सेकंदांत निकाली निघतात. अशा खेळात ज्याला हलवणं कठीण, त्याचं पारडं आपसूक जड. म्हणून पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा हेयात आला की त्याची दिनचर्याच वजनासाठी बांधली जाते. सकाळी उपाशीपोटी केको, म्हणजे सराव. मग दुपारच्या सुमारास चांकोनाबे या रश्श्याचं मोठं भांडं, सोबत वाडग्यामागून वाडगा भात. जेवलं की झोप. संध्याकाळी पुन्हा भरपेट जेवण. भूक नसताना खाणं हादेखील सरावाचाच भाग. आमच्या तालमीत थंडाई, बदाम, तूप, दूध आणि मटणावर पोसलेल्या पैलवानाला हे ओळखीचं वाटेल. फरक इतकाच, की आमच्याकडे वजनी गट आले. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारताला कुस्तीतलं पहिलं वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव ५७ किलो गटात लढले होते. आपल्या दोहोवर खाशाबांना असा आपला गट मिळाला नसता.

यात एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. खेळणारा सुमो मल्ल म्हणजे नुसता लठ्ठ माणूस नव्हे. त्याच्या अंगात प्रचंड स्नायू असतात. रोजच्या कष्टांमुळे त्याची चरबी बरीचशी कातडीखाली राहते, आतड्यांभोवती साचत नाही. त्यामुळे अवाढव्य देह असूनही अनेक तरुण मल्लांच्या तपासण्या डॉक्टरांना चकित करतात. पण हे सगळं केको चालू असेपर्यंत. मेहनत थांबली आणि ताट तेवढंच राहिलं, की हाच देह उलटतो. याचा अर्थ असा, की निवृत्तीनंतरची पहिली एक-दोन वर्षं त्या माणसाच्या उरलेल्या सगळ्या आयुष्याचा निकाल लावतात. आणि नेमक्या त्याच वर्षांत तो एकटा असतो.

स्वावलंबन हा शब्द भाषणात मोठा वाटतो, जगताना तो फार लहान गोष्टींचा असतो. पाठ स्वतःची स्वतः चोळता येणं. शौचानंतर हात मागे पोहोचणं. वाकून मोजा चढवता येणं. तातामीवर अंथरलेल्या फुतोनवरून कशाला न धरता उठता येणं. पायाची नखं कापता येणं. पोट आणि मांड्यांच्या घड्यांमधली जागा कोरडी ठेवता येणं, कारण ती ओली राहिली तर कातडी लाल होते, सोलवटते आणि चालणंच नको वाटतं. पावणेदोनशे-दोनशे किलोंच्या पुढे या प्रत्येक गोष्टीसाठी वेगळी युक्ती लागते, वेगळं साधन लागतं, नाहीतर दुसरा माणूस. चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार येतो. जिना उतरताना त्याहून जास्त. रात्री मान आणि घशाभोवतीच्या मांसानं श्वास अडतो, म्हणून कित्येक मल्लांना तोंडावर हवेचा मुखवटा बांधून झोपावं लागतं. आजारी पडलं तर आणखी एक अडचण: बहुतेक सीटी आणि एमआरआय यंत्रांचे पाट साधारण २०० ते २५० किलोंपर्यंतच पेलतात. त्यापुढच्या माणसाचा आजार आधी शोधायचा कसा, इथपासून प्रश्न सुरू होतो.

प्रवासाचंही तसंच. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय क्रीडा महोत्सवासाठी अमामी ओशिमा बेटावर निघालेल्या सुमोपटूंमुळे विमानाच्या वजनाचं गणित बसेना, तेव्हा जपान एअरलाइन्सला जादा विमान सोडावं लागलं. ते हौशी खेळाडू होते आणि त्यांचं सरासरी वजन १२० किलोंच्या आसपास होतं. आपल्या वरच्या गटातल्या मल्लांचं सरासरी वजन १६० किलोंच्या घरात आहे. ती बातमी जगभर कौतुकानं वाचली गेली. मला मात्र तिच्यात एक साधी गोष्ट दिसली. खेळाडूंचा जथा असेल तर विमान कंपनी धावून येते. निवृत्त मल्ल एकटा विमानतळावर उभा असेल तर त्याच्यासाठी कोण धावणार?

हेयात हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तिथे त्सुकेबितो असतात. सेकितोरीच्या, म्हणजे वरच्या दोन गटांतल्या मल्लाच्या, दिमतीला असणारे हे धाकटे मल्ल. योकोझुनाकडे, म्हणजे सर्वोच्च पदावरच्या मल्लाकडे, तर त्यांचा ताफाच असतो. ते मावाशी (कमरेचा पट्टा) गुंडाळून बांधतात, आंघोळीत पाठ घासतात, सामान उचलतात, जेवण वाढतात, निरोप पोहोचवतात. खेळणाऱ्या मल्लाला गाडी चालवायलाही संघटनेची मनाई आहे, म्हणजे त्यासाठीही दुसरा माणूस आलाच. यात सेवाभाव आहे, शिस्त आहे, ज्येष्ठांचा मान आहे, हे मी नाकारत नाही. आमच्याकडेही वस्तादाचे पाय दाबणारा पठ्ठा असतोच. पण या व्यवस्थेचा एक परिणाम असा, की मल्लाला आपण किती परावलंबी झालो आहोत, हे कळायला वावच राहत नाही. वयाच्या विशीपासून पस्तिशीपर्यंत ज्याची पाठ दुसऱ्यानं घासली, त्याला आपला हात पाठीपर्यंत पोहोचत नाही हे कळतं ते थेट आपल्या भाड्याच्या खोलीतल्या अरुंद न्हाणीघरात.

आणि ही चैनसुद्धा फक्त ७० जणांची. ज्यूऱ्यो आणि माकुउचि या वरच्या दोन गटांना पगार, स्वतंत्र खोली आणि त्सुकेबितो मिळतात. खालचे शेकडो मल्ल पगाराविना, एका सामाईक खोलीत राहून, इतरांची सेवा करत वजन वाढवत असतात. व्यावसायिक सुमोच्या इतिहासातला सर्वांत जड मल्ल ओरोरा. रशियातून आलेल्या या मल्लाचं वजन २०१८ मध्ये २९२.६ किलो नोंदवलं गेलं. पण अठराएक वर्षांच्या कारकिर्दीत तो कधीच सेकितोरी झाला नाही. म्हणजे व्यावसायिक सुमोतला सर्वांत जड मल्ल दिमतीला माणूस न मिळताच निवृत्त झाला. मायदेशी परतल्यावर त्यानं बरंच वजन उतरवलं, ही आनंदाची गोष्ट. पण ते त्याचं श्रेय आहे, व्यवस्थेचं नव्हे. २०२० च्या मे महिन्यात कोरोनानं गेलेला शोबुशी आठवतो? सान्दानमे या खालच्या गटातला मल्ल, वय अवघं २८, आणि मधुमेह आधीपासून जडलेला. अठ्ठाविसाव्या वर्षी मधुमेह असणाऱ्या खेळाडूकडे कुठल्याही खेळात धोक्याची घंटा म्हणून पाहिलं गेलं असतं.

आता शेंडी कापण्याच्या दिवसाबद्दल. दानपात्सुशिकीचा, म्हणजे शेंडी कापण्याचा, सोहळा मी चित्रफितींत अनेकदा पाहिला आहे. कोकुगिकानच्या मध्यभागी मल्ल बसलेला, एकेक पाहुणा सोनेरी कात्रीनं केसाची एकेक बट कापतो आणि शेवटी ओयाकाता, म्हणजे त्याचा वस्ताद, शेंडी वेगळी करतो. डोंगरासारखा माणूस रडतो. तिथे वर्षानुवर्षांचं नातं असतं, कृतज्ञता असते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला उठून कपडे घालायचे असतात. ओयाकाता म्हणून संघटनेत राहण्याची सोय १०५ ज्येष्ठपदांपुरतीच; आणि त्यासाठीची पात्रता वरच्या गटातल्या कारकिर्दीवर ठरते. बाकीचे बाहेर. त्यांतले अनेकजण शाळा सोडून थेट हेयात आलेले असतात. नोकरी शोधायची, तर तिथे उभं राहायचं काम, जिना चढायचं काम, ठरावीक मापाच्या खुर्चीत बसायचं काम.

नामवंतांचंही काही वेगळं झालं नाही. हवाईचे कोनिशिकी हे ओझेकीपदाला (योकोझुनाच्या खालच्या पदाला) पोहोचलेले पहिले परदेशी मल्ल. त्यांचं वजन एके काळी २८५ किलो होतं. निवृत्तीनंतर ते आणखी वाढलं आणि २००८ मध्ये जठराची शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. पुढे मूत्रपिंड निकामी झालं आणि २०२४ मध्ये त्यांच्या पत्नीनं त्यांना आपलं मूत्रपिंड दिलं. योकोझुना मुसाशिमारू यांनाही २०१७ मध्ये त्यांच्या पत्नीनंच मूत्रपिंड दिलं. पहिले परदेशी योकोझुना आकेबोनो २०१७ मध्ये कोसळले, पुढची कित्येक वर्षं उपचारांत गेली आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये वयाच्या ५४ व्या वर्षी गेले. या सगळ्याला एकटं वजनच कारण होतं, असं मी म्हणणार नाही. मनुष्याच्या आजाराला अनेक वाटा असतात. पण दोन थोर मल्लांना त्यांच्या बायकांनी शरीराचा तुकडा काढून द्यावा आणि ज्या खेळानं त्यांना तसं घडवलं तो या हिशेबात कुठेच नसावा, हे मला बरोबर वाटत नाही.

हे मला इतकं का लागतं, ते सांगतो. आमच्या तालमीत एक वस्ताद होते. तरुणपणी मैदानं गाजवलेली, ११० किलोंचं पीळदार अंग. गुडघा गेला, मेहनत सुटली, खुराक मात्र सुटला नाही. पुढे ते १५० किलोंवर गेले, मधुमेह जडला. शेवटच्या वर्षांत त्यांना स्वतःचे पाय दिसत नसत. बसूनही दिसत नसत, वाकूनही हात पोहोचत नसे. धोतराचा काठ घासून डाव्या पायाच्या करंगळीला जखम झाली. मधुमेहात पाय बधिर असतो, म्हणून दुखलं नाही. दिसत नव्हती, म्हणून कळलं नाही. पाय धुवायला येणारा पठ्ठा परीक्षेसाठी गावी गेला होता. तो आठ-दहा दिवसांनी आला, तेव्हा मोज्याला चिकटलेला पू आणि वास यावरून समजलं. करंगळी काढावी लागली, नंतर अर्धं पाऊल. वस्ताद एकदा म्हणाले होते, "पोरा, पाठ टेकवणाऱ्याला मी भ्यालो नाही. पण आता चप्पल घालायला माणूस हाक मारून बोलवावा लागतो." त्यांना पैलवान केलं तालमीनं. अपंगत्व मात्र त्यांच्या सूनबाईंनी निभावलं. त्या बाईचं नाव कुठल्याही आखाड्याच्या फलकावर नाही.

आपण म्हणाल, मल्ल आपल्या मर्जीनं येतो. खरं आहे. पण पंधराव्या वर्षी दिलेल्या होकारात पंचेचाळिसाव्या वर्षाचं न्हाणीघर कुठे असतं? मोठ्या माणसाला स्वतःच्या शरीराबद्दल निर्णय घेण्याचा पूर्ण हक्क आहे, अगदी जड होण्याचाही. पण हक्क द्यायचा तर माहिती पूर्ण द्यावी लागते आणि परतीची वाट उघडी ठेवावी लागते. वाट एकाच बाजूनं असेल, तर त्याला मर्जी म्हणता येत नाही.

आपण हेही म्हणाल, की वजन हा सुमोचा प्राण आहे. हे मला पटत नाही, आणि त्याचे साक्षीदार आपणच आहात. ४५ वे योकोझुना वाकानोहाना १०५ किलोंच्या आसपासचे होते. आपल्या कोकोनोए हेयातले ज्येष्ठ गुरुबंधू चियोनोफुजी यांचं वजन १२० किलोंच्या घरात, आणि त्यांनी ३१ विजेतेपदं मिळवली. आपण स्वतः होकुतोउमि म्हणून लढत होता तेव्हा कमरेच्या दुखण्यानं आपल्याला स्पर्धा सोडाव्या लागल्या होत्या, आणि १९८९ च्या जानेवारीत परत येऊन आपण चषक उचलला होता. भार शरीराच्या कुठल्या सांध्यावर कसा उतरतो, हे आपल्याला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. म्हणूनच हे पत्र मी कुणा मंत्र्याला न लिहिता आपल्याला लिहितो आहे.

माझ्या मागण्या चार आहेत, आणि चारही आपल्या अखत्यारीतल्या आहेत.

पहिली. हेयात येणाऱ्या प्रत्येक नव्या मल्लाला कोकुगिकानमधल्या प्रशिक्षणशाळेत सहा महिने शिकावं लागतं: शिको कसा टाकायचा (पाय उचलून जमिनीवर आपटण्याचा व्यायाम), सुमोचा इतिहास काय, शरीरशास्त्र काय. आत येण्यासाठी शाळा आहे, तशीच बाहेर जाण्यासाठीही असावी. निवृत्त होणाऱ्या प्रत्येक मल्लासाठी, मग तो योकोझुना असो की सर्वांत खालच्या जोनोकुचि गटातला, किमान एका वर्षाची सक्तीची शाळा: आहार हळूहळू कसा कमी करायचा, गुडघे वाचवून व्यायाम कसा करायचा, रक्तातली साखर कशी मोजायची, स्वयंपाक दहा जणांचा नव्हे तर एकट्याचा कसा करायचा. चांको रांधणारे हात उत्तम स्वयंपाक करतात. फक्त भांडं लहान करायला शिकवायचं आहे.

दुसरी. कोकुगिकानमध्ये संघटनेचा स्वतःचा दवाखाना आहे. त्याचं दार माजी मल्लांसाठी आयुष्यभर, विनामूल्य उघडं ठेवावं. वर्षातून एकदा डोळे, मूत्रपिंड, हृदय, पाय आणि झोपेतला श्वास यांची तपासणी व्हावी. जो मल्ल होक्काइडो किंवा मंगोलियात परतला, त्याच्यासाठी तिथल्या डॉक्टरांशी करार व्हावा. हा खर्च प्रक्षेपणाच्या हक्कांतून आणि कोकुगिकानच्या तिकिटांतून काढता येईल.

तिसरी. वजनाला वरची मर्यादा घालणं आपल्याला परंपरेत बसणार नाही कदाचित, पण स्वावलंबनाची चाचणी बसू शकते. प्रत्येक मल्लाला वर्षातून एकदा काही साध्या गोष्टी स्वतः करून दाखवू द्या: जमिनीवरून आधाराशिवाय उठणं, दोन जिने चढणं, मोजे स्वतः घालणं, पाठ स्वतः धुणं. जो करू शकत नाही, त्याला डॉक्टर सांगेपर्यंत दोहोपासून दूर ठेवा. त्यात त्याचा अपमान नाही. दोहोवर एक पाय आकाशाला भिडवून शिको टाकणाऱ्या माणसाला मोजा घालता आला पाहिजे, ही अपेक्षा फार मोठी नाही.

चौथी. त्सुकेबितोंच्या कामाची नोंद व्हावी, त्याला मेहनताना मिळावा. ते काम म्हणजे सेवा तर आहेच, पण शुश्रूषाही आहे. जपानमध्ये वृद्धांची काळजी घेणाऱ्या प्रशिक्षित माणसांची टंचाई आहे. ज्यानं दहा वर्षं दुसऱ्याचा अवजड देह काळजीनं सांभाळला, त्याच्याकडे त्या कामाचं प्रत्यक्ष ज्ञान आहे. त्याला प्रमाणपत्र द्या, म्हणजे दोहो सुटल्यावर पोटापाण्याचं साधन राहील.

आमच्या कोल्हापुरातल्या तालमींनाही मी हेच सांगतो आहे. मातीतून उठलेल्या पैलवानाचा खुराक कोण कमी करणार, त्याचे पाय कोण तपासणार, याचं उत्तर आमच्याकडेही तयार नाही. पण आमची कुस्ती हजार ठिकाणी विखुरलेली आहे, प्रत्येक तालीम आपापली. आपली सुमो एका छताखाली आहे. पाचशे-सहाशे मल्लांची नावं, वजनं, हेया सगळं आपल्या दप्तरात आहे. आपण ठरवलं तर पुढच्या बैठकीत ठराव होऊ शकतो, आणि तो झाला तर आमच्या वस्तादांसमोर आम्हाला उदाहरण ठेवता येईल.

मल्ल घडवताना आपण त्याच्या शरीराचा ताबा घेता. तो परत करताना, ज्या स्थितीत त्याला स्वतःची पाठ धुता येईल अशा स्थितीत परत करा. हा उपकार नव्हे, देणं आहे. आणि आपण स्वतः योकोझुना होता, म्हणून ते फेडायला सुरुवात करण्याचा मान आपल्याकडेच यावा, असं मला मनापासून वाटतं.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला एक कुस्तीवेडा